तलावातलं मऊ पाठीचं कासव: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार येणारे प्रश्न

जून ते सप्टेंबर माझा फोन कासवांच्या फोटोंनी भरलेला असतो. कुणाच्या पार्किंगमध्ये सापडलेलं, कुणाच्या बाथरूमच्या बादलीत ठेवलेलं, कुणी तलावावर लांबून टिपलेलं. सोबतचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवलेत. विषय मुख्यतः एकाच कासवाचा आहे, इंडियन फ्लॅपशेलचा, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. मधे दुसरी कासवं येतात ती त्याच्याशी गल्लत होते म्हणून. घाई असेल तर आधी प्रश्न 8 आणि 12 वाचा, बाकी नंतर सावकाश.

1. तलावपाळीला दगडावर ओळीने ऊन खात बसतात, ती हीच कासवं ना?

बहुतेक वेळा नाही. दिवसाढवळ्या, माणसांची पर्वा न करता, एकावर एक चढून ऊन खाणारी टणक पाठीची कासवं शहरातल्या तलावांत दिसली, की ती पाळून कंटाळलेल्या लोकांनी सोडलेली रेड-इअर्ड स्लायडर असण्याची शक्यता जास्त. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर खात्रीच. ती मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली (प्रश्न 14, 15).

फ्लॅपशेलही ऊन घेतं, पण ते लाजाळू आहे. काठावर अर्धं चिखलात, अर्धं बाहेर असं बसतं आणि तुमची सावली पडायच्या आत पाण्यात गेलेलं असतं.

2. मग फ्लॅपशेल ओळखायचं कसं?

पाठ बघा. नेहमीच्या कासवाच्या पाठीवर असतात तसे चौकोनी-षटकोनी खवले इथे नसतात. हाडाच्या ढालीवर एकसंध, गुळगुळीत कातडी ताणून बसवलेली असते, ओली असली की चामड्याच्या चपलेसारखी चकाकते. रंग शेवाळी, तपकिरी किंवा मातकट. उत्तर भारतातल्या प्रकाराच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, आपल्या भागातली साधारण बिनठिपक्यांची. आकार उथळ वाडगा उपडा घातल्यासारखा. पूर्ण वाढलेली मादी 30 सेंटिमीटरच्या पुढे जाते, नर लहान राहतो. नाक हे दुसरं लक्षण. तोंडाच्या टोकाला डुकराच्या नाकाची छोटी आवृत्ती बसवल्यासारखी नळी असते.

खरी खूण मात्र पोटाखाली आहे, आणि ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चक्क हसू आलं होतं. एका सोसायटीच्या टाकीजवळ सापडलेलं कासव घाबरून आक्रसलं. आधी डोकं गेलं, मग पुढचे पाय, मग मागचे. मागचे पाय आत गेल्यावर पोटाच्या कवचाच्या कडेने कातडीच्या दोन झडपा सावकाश वर आल्या आणि टपालाच्या पाकिटाचं तोंड चिकटवावं तशा बंद झाल्या. या झडपा म्हणजेच फ्लॅप, नाव त्यावरून पडलं. आपल्याकडच्या मऊ पाठीच्या कासवांत ही सोय फक्त याच्याकडे आहे.

3. मराठीत याला काय म्हणायचं? हे टर्टल की टॉरटॉइज?

इंग्रजीने पाण्यातलं आणि जमिनीवरचं अशी दोन नावं केली. आपण दोन्हींना कासवच म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. मी बोलताना ‘मऊ पाठीचं कासव’ म्हणते. फ्लॅपशेल गोड्या पाण्यातलं आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. त्या एका गोष्टीचा विसर पडून काय होतं ते पुढच्या प्रश्नात.

4. सापडलेलं कासव आम्ही खाडीत सोडलं. बरोबर केलं ना?

हेतू चांगला होता, जागा चुकली. ठाण्याची खाडी खारी. फ्लॅपशेल राहतं तळी, ओढे, डबकी, कालवे, भातखाचरं अशा संथ आणि गोड्या पाण्यात. वेळासला किंवा गुहागरला किनाऱ्यावर अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव, त्याचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. फ्लॅपशेलच्या पायांना बोटं, बोटांमधे पडदा आणि नखं असतात. पायाला स्वतंत्र नखं दिसली की खाडीचा आणि समुद्राचा विचार सोडून द्या.

नवी मुंबईतून विचारणाऱ्यांसाठी एक पुरवणी. सिडकोने बांधलेले धारण तलाव दिसायला तलाव असले, तरी ते खाडीला जोडलेले आहेत. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी साठवायचं आणि ओहोटीला सोडायचं, हे त्यांचं काम. ज्या धारण तलावाच्या कडेला खारफुटी उगवलीय, तिथलं पाणी खारं आहे हे वेगळं सांगायला नको.

5. आपल्या इमारतींच्या जंगलात ही राहतात तरी कुठे?

ठाण्यात एकेकाळी 60 तलाव होते असं सांगतात, आता 35च्या आसपास उरलेत. त्यातला प्रत्येक तलाव कासवाच्या कामाचा नाही. त्याला लागतं उथळ, संथ पाणी, तळाशी गाळ किंवा वाळू, थोडीफार पाणवनस्पती आणि काठाला उघडी माती. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच हल्ली सगळ्यात दुर्मीळ. येऊरच्या पायथ्याचे ओढे, घोडबंदर पट्ट्यातली जुन्या गावांची तळी, शीळ-डायघरकडची उरलीसुरली भातशेती, नवी मुंबईत पारसिक डोंगरातून उतरणारे ओढे आणि गावठाणांचे तलाव, ही त्याला मानवणाऱ्या जागांची उदाहरणं.

पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ हवं असा त्याचा हट्ट नाही. गढूळ, शेवाळलेल्या पाण्यात ते मजेत राहतं, म्हणून तर शहरात टिकलं. आपल्याला घाण वाटणारं तळं त्याच्या दृष्टीने बऱ्यापैकी घर असू शकतं, आणि आपल्याला देखणा वाटणारा फरसबंद तलाव म्हणजे चारी बाजूंनी भिंती असलेली टाकी (प्रश्न 20).

6. खातं काय? आम्ही कुरमुरे आणि कणकेचे गोळे टाकतो.

जे मिळेल ते. गोगलगायी, कोळंबी, बेडूक, मासे, किडे, पाणवनस्पती, पाण्यात पडलेली फळं आणि बिया. मेलेला मासा किंवा दुसरं काही मेलेलं असेल तर तेही. तळ्यातलं मढं साफ करणाऱ्यांपैकी ते एक आहे. दात नसतात, पण जबड्याच्या कडा धारदार असतात आणि त्यावर मांसल ओठ असल्याने ते बाहेरून दिसत नाही.

कुरमुरे आणि कणीक टाकू नका. ते खाऊन कासव लगेच मरणार नाही, पण न खाल्लेला ढीग कुजून पाण्यातला प्राणवायू संपवतो आणि आधी मासे मरतात. पुण्य मिळवायचंच असेल तर तलावाच्या काठची प्लॅस्टिकची पिशवी उचला.

7. तासन्‌तास पाण्याखाली राहतं, मग श्वास कसा घेतं?

फुप्फुसं आहेत आणि मुख्य श्वास हवेतलाच. ती नळीसारखी नाकपुडी त्यासाठीच. उथळ पाण्यात गाळात रुतून बसायचं, मान लांब करायची आणि नाकाचं टोक तेवढं वर काढायचं. याशिवाय मऊ पाठीच्या कासवांना कातडीतून आणि घशाच्या आतल्या अस्तरातून पाण्यातला थोडा प्राणवायू घेता येतो. त्यामुळे निवांत असताना ते बराच वेळ वर न येता राहू शकतं.

म्हणून जाळ्यात अडकलेलं कासव बुडून मरतं हे अनेकांना पटत नाही. धडपडताना प्राणवायू भराभर खर्च होतो, कातडीतून मिळतो तेवढ्यावर मग भागत नाही.

8. पहिल्या पावसात कासव रस्त्यावर/पार्किंगमध्ये आलं. हरवलंय का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. हरवलेलं नसतं, निघालेलं असतं. फ्लॅपशेल एका तळ्याला जन्माची बांधिलकी मानत नाही. पाणी वाढलं, कमी झालं, जागा अपुरी पडली की चालत दुसरीकडे जातं. पाऊस पडून जमीन ओली झाली की चालणं सोपं, म्हणून तेव्हा जास्त दिसतात. शिवाय मादी अंडी घालायला पाण्याबाहेर येते.

इथे माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस घोडबंदर रस्त्याजवळच्या एका वसाहतीच्या गेटपाशी मादी सापडली. शेजारीच तळं. मी शहाणपणाने तिला उचललं, तळ्यात सोडलं, वॉचमन काकांना चहा पाजला आणि घरी आले. दुसऱ्या संध्याकाळी काकांचा फोन, “मॅडम, तुमची पाहुणी परत आली.” तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती तळ्यातून बाहेर पडत होती ती अंडी घालायला, गेटपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, आणि मी दर वेळी तिचा अर्धा तासाचा प्रवास उलटा फिरवत होते. तिसऱ्या दिवशी आम्ही गेट उघडं ठेवलं आणि गाड्या थांबवल्या.

तर नियम असा: कासव चालत असेल आणि धोका नसेल तर जाऊ द्या. रस्ता ओलांडत असेल तर ते ज्या दिशेने तोंड करून चाललंय त्याच बाजूला नेऊन ठेवा. जखमी असेल, बंद गटारात किंवा बेसमेंटमध्ये अडकलं असेल तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. उचलायची पद्धत प्रश्न 12 मध्ये.

9. उन्हाळ्यात आमचं गावतळं कोरडं पडतं. तेव्हा कासवं मरतात का?

सहसा नाही. पाणी आटत जातं तशी काही चालत निघून जातात, उरलेली गाळ ओला असेपर्यंत त्यात खोल शिरतात. वरचा थर वाळून भेगाळतो, खाली ती निपचित पडून राहतात. हालचाल नाही, खाणं नाही, शरीराचा सगळा कारभार मंद. असे काही महिने निघतात. पाऊस आला, गाळ भिजला की बाहेर. राजस्थानातल्या आटत्या तळ्यांतही हे कासव तग धरून असतं. ज्या देशात आठ महिने पाऊसच नसतो तिथल्या तळ्यात राहायचं तर हे जमायलाच हवं.

या सवयीचा आजच्या शहरात उलटा परिणाम होतो. तलावातला गाळ आपण काढतो तो एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हा पाणी कमी असतं. म्हणजे कासवं गाळात झोपलेली असतात नेमकी तेव्हा. एका तलावाचं काम चालू असताना मी पोकलेनच्या बादलीतून गाळासोबत जेवणाच्या ताटाएवढं कासव वर येताना पाहिलं. ते वाचलं, कारण चालवणाऱ्या मुलाचं लक्ष होतं. डंपरमधून आधी किती गेली असतील ते कोण मोजणार?

10. अंडी कधी आणि कुठे घालतं?

पाण्याजवळच्या जमिनीवर, मातीत खड्डा करून. मागच्या पायांनी खणते, अंडी सोडते, माती ढकलते, पोटाच्या कवचाने दाबून सारखी करते आणि निघून जाते. आईपणाचा एवढाच भाग. एका खेपेला साधारण दोनपासून सोळापर्यंत अंडी, वर्षातून एकाहून जास्त खेपा होऊ शकतात. अंडं पांढरं, गोल, टणक कवचाचं, छोट्या लिंबाएवढं. कोंबडीच्या अंड्यासारखं एका बाजूला निमुळतं नसतं.

देशाच्या वेगवेगळ्या भागांत काळ बदलतो, पण पाऊस ओसरताना घातलेली अंडी पुढच्या पावसाच्या तोंडावर फुटतात असं चित्र बऱ्याच ठिकाणी आहे. इतके महिने कशाला, असं वाटेल. आतला गर्भ सुरुवातीला वाढ थोपवून धरतो आणि योग्य दिवस आल्यावर पुढे सरकतो. पिल्लू बाहेर पडेल तेव्हा माती मऊ हवी, डबकी भरलेली हवीत, किडे हवेत. जानेवारीत बाहेर आलं तर त्याने जायचं कुठे?

आता या हिशोबात सोसायटीचं बागकाम घाला. आठ-नऊ महिने एक मातीचा तुकडा कुणी खणू नये, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवू नयेत, राडारोडा टाकू नये. ठाण्यात तळ्याच्या शेजारची अशी किती जमीन तुम्हाला आठवते?

11. कुंड्यांची माती काढताना अंडी सापडली. काय करू?

खणणं थांबवा. अंडी उचलू नका आणि मुख्य म्हणजे फिरवू नका. कोंबडी अंडी फिरवते म्हणून कासवाचीही फिरवायची असतात, हा गैरसमज कासवाच्या पिल्लांना उगाच महागात पडतो. कासवाच्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो, अंडं उलटं झालं तर तो गुदमरतो. जशी होती तशीच माती परत टाका, कुत्री-मांजरं उकरणार नाहीत अशी वर जाळी किंवा उपडी टोपली वजनाखाली ठेवा आणि 1926 वर कळवा. हलवायचीच वेळ आली तर ते काम त्यांच्या माणसांनी करावं, अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून.

12. चावतं का? उचलायचं कसं?

चावतं. फ्लॅपशेल त्याच्या भाऊबंदांपेक्षा सौम्य आहे, आधी आक्रसून घेणं पसंत करतं, पण मान अंदाजापेक्षा कितीतरी लांब जाते. पाठीच्या कडेला मधोमध धरलंत तर तोंड तुमच्या बोटापर्यंत पोचतं. दोन्ही हातांनी मागच्या बाजूने, मागच्या पायांच्या वर पाठीचं कवच धरा, किंवा ओला गोणपाट टाकून गुंडाळा. शेपूट धरून लटकवू नका.

ठेवायची वेळ आली तर झाकण असलेला टब, तळाशी ओलं फडकं. भरपूर पाणी नको. घाबरलेलं, जखमी कासव खोल बादलीत बुडू शकतं, बादलीत टाकलं म्हणजे सोय झाली असं नाही. नंतर हात साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात, लहान मुलांना त्यापासून जुलाब-ताप होतो.

13. घरी ठेवलं तर चालेल? आम्ही खूप प्रेमाने सांभाळू.

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये हे कासव आहे, कायद्याच्या नजरेत वाघाच्या रांगेत. पकडणं, पाळणं, विकणं, विकत घेणं सगळा गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. ‘सापडलं म्हणून ठेवलं’ हा बचाव होत नाही. आधीपासून घरात असेल तर वन विभागाशी बोलून त्यांच्या ताब्यात द्या. गुपचूप तलावात सोडणं हा सोपा मार्ग वाटतो, पण बंदिवासातलं आजारपण त्याच्यासोबत तलावात जातं.

देशभरात मांस आणि पोटाकडच्या मऊ कवचासाठी हे कासव इतकं पकडलं जातं, की आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत त्याची नोंद आता ‘असुरक्षित’ गटात आहे. कालपर्यंत सगळीकडे दिसणारा प्राणी म्हणून कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

14. मग दुकानात काचेच्या भांड्यात लकी कासव उघड विकतात ते कसं?

ते प्रश्न 1 मधलं स्लायडर. परदेशी जात असल्याने आपल्या देशी कासवांसारखं संरक्षण त्याला नाही, या फटीतून हा धंदा चालतो. दोन रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार पिल्लू उत्तरेकडे तोंड करून ठेवा, पैसा टिकेल, असं सांगून विकतात. कितीचा होतो हा पैसा ते तीन वर्षांनी कळतं, कारण मादी 25 सेंटिमीटरच्या वर वाढते आणि 20-30 वर्षं जगते. अमेरिकेने स्वतःच 1975 साली चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी घातली, कारण मुलं ती तोंडात घालत आणि साल्मोनेलाने आजारी पडत. युरोपीय संघाने 1997 मध्ये या स्लायडरची आयात बंद केली.

एक तिसरा प्रकार: दुकानात ‘देशी’ म्हणून हळूच दाखवलेलं काळपट, टणक पाठीचं किंवा चांदणीच्या नक्षीचं कासव. ते काळं पाणकासव किंवा तारा कासव असू शकतं, आणि तो सरळ चोरीचा माल. घेऊ नका, 1926 वर सांगा.

15. आमचं स्लायडर मोठं झालं. तलावात सोडलं तर निसर्गातच जाईल ना?

कृपा करून सोडू नका. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ऊन खायच्या जागा, खाणं, सगळीकडे ते देशी कासवांना मागे रेटतं, आणि सोबत आजार नेतं. सोडून देणारा माणूस पाठ वळवून जातो तेव्हा त्याच्या मनात भूतदयाच असते, हेही खरं. म्हणून रागावण्यापेक्षा पर्याय सांगते: मोठी टाकी, ऊन खायला कोरडा चबुतरा, गाळणी, आणि शेवटपर्यंत सांभाळायची तयारी. ते शक्य नसेल तर प्राणी बचाव संस्थांना विचारा. त्यांच्याकडेही जागा भरलेल्या असतात, त्यामुळे लगेच होकार येईल अशी आशा ठेवू नका.

16. कासवाच्या तोंडात गळ अडकलाय. ओढून काढू?

ओढू नका. गळाला उलटा काटा असतो, ओढला की घसा फाटतो. दोरा हातभर ठेवून कापा, म्हणजे डॉक्टरांना माग लागेल. कासव प्रश्न 12 प्रमाणे टबात ठेवा आणि हेल्पलाइनवर कळवा. गाडीखाली येऊन पाठ फुटली असेल तरी तसंच. हळद, चुना, फेविक्विक यातलं काहीही लावू नका. पाठीखाली हाड जिवंत असतं आणि फुटलेलं कवच भरूनही येतं.

17. एकाने वीस नखांचं कासव दाखवतो म्हणून सांगितलं. असं असतं का?

फ्लॅपशेल ज्या कुळातलं आहे त्या कुळाचं नावच मुळी ‘तीन नखांचं’ या अर्थाचं. प्रत्येक पायाला बोटं पाच, पण नखं तीन. चार पायांची मिळून बारा. मोजून बघायची गरज नाही, कारण प्रश्न नखांचा नाहीच. पैशांचा पाऊस पाडणारं कासव, मांडूळ, घुबड हे सगळं एकाच टोळीचं दुकान असतं. वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतोच, शिवाय महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भेटायला जाऊ नका, पोलिसांना कळवा.

18. सोनेरी पिवळं कासव व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. खरं की बनावट?

खरं असू शकतं. जुलै 2020 मध्ये ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात पिवळंजर्द फ्लॅपशेल सापडलं होतं. अंगातला गडद रंगद्रव्याचा भाग जन्मतःच नसला की असं होतं. दैवी काही नाही, मात्र दिसतं मोठं देखणं.

19. नर-मादी आणि वय कसं ओळखायचं?

नराची शेपूट लांब आणि जाड, मादीची आखूड, आणि मादी आकाराने मोठी. वयाचं काही खरं नाही. टणक पाठीच्या कासवांच्या खवल्यांवर वाढीच्या रेघा असतात, त्यावरून लोक अंदाज बांधतात. इथे खवलेच नाहीत. ‘हे शंभर वर्षांचं आहे’ असं कुणी सांगितलं तर चहा पिऊन यावं.

मोठ्या नदीत याहून कितीतरी मोठं, झडपा नसलेलं मऊ पाठीचं कासव दिसलं, तर ते वयाने मोठं फ्लॅपशेल नव्हे. लीथचं कासव असू शकतं, दख्खनच्या नद्यांतलं. ते आता अतिसंकटग्रस्त आहे आणि 2022 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली. फोटो काढा, जागा जगजाहीर करू नका.

20. आमच्या तलावाचं सुशोभीकरण होतंय. कासवांसाठी काय मागायचं?

काठ मागा. बाकी कारंजी, दिवे, बोटिंग यांच्याशी कासवाचं फारसं भांडण नाही. भांडण आहे ते उभ्या दगडी भिंतीशी. तीन-चार फुटांची भिंत चारी बाजूंनी बांधली की मादी बाहेर पडू शकत नाही, बाहेरून पिल्लं आत येऊ शकत नाहीत. आत दिसणारी कासवं वर्षानुवर्षं दिसत राहतात, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. ती म्हातारी होत असतात, मागे कुणी नसतं.

सभेत मागायच्या गोष्टी साध्या आहेत. तलावाच्या निदान एका बाजूला मातीचा उतार, त्याच्या मागे ऊन येणारी, फरशी नसलेली पट्टी. गाळ एकदम सगळा न काढता अर्धा यंदा, अर्धा पुढच्या वर्षी. काम सुरू असताना बादलीवर एक माणूस. विसर्जन शक्यतो कृत्रिम तलावात, कारण प्लास्टरच्या मूर्तींचा थर तळावर बसला की गाळात शिरायला जागा राहत नाही.

एका बैठकीत मला एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, “चिखल ठेवायचा म्हणजे डासांना आमंत्रण, नाही का?” शंका रास्त होती. डास वाढतात ते साचलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात, टायरमध्ये, कुंडीच्या ताटलीत. मासे-बेडूक नांदणाऱ्या तलावाच्या उताराला त्यांचा तेवढा आधार नसतो. ते ऐकून गप्प बसले, पटलं की कंटाळले ते कळलं नाही.

21. आमच्या तलावात ही आहेत की नाहीत, हे कळणार कसं?

पहाटे जा, फिरायला येणारे लोक यायच्या आधी. वारा नसलेला दिवस निवडा. कमळाच्या किंवा गवताच्या कडेला, काठापासून पाच-सहा फुटांवर बसा आणि मोबाइल खिशात ठेवा. पाण्यावर मटाराच्या दाण्याएवढं काहीतरी वर येईल, दोन भोकं असलेलं. पान समजून नजर पुढे सरकते. तिथेच थांबा. आठ-दहा सेकंदांनी ते बुडेल, एक बारीकसं वर्तुळ उमटेल, आणि काही मिनिटांनी ते थोडं डावी-उजवीकडे पुन्हा वर येईल. बुडबुडा असता तर फुटला असता.